जहाजाचा बडग्या

चौऱ्याहत्तर साली आमच्या मोहल्ल्याने जहाजाचा बडग्या केला. नागपुरात जहाज! कन्हान नदीपेक्षा मोठं पाणी ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्या विणकरांनी बांबू बांधून, कागदाला खळ लावून ते उभं केलं. आज एवढ्या वर्षांनी सांगायला बसले तरी मला बसवत नाही, उठून हातवारे करावेसे वाटतात.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबती, म्हणजे बायांचे मोठाले पुतळे, निघतात आणि त्यांच्यासोबत बडगे. वर्षभरात लोकांना जे जे खुपलं असेल, त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करायचा, "इडापिडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गावाबाहेर न्यायचा आणि जाळून टाकायचा.

जहाज आलं ते माझ्या भावामुळे. जागेश्वर मुंबईहून सुटणाऱ्या एका सहलीच्या जहाजावर भटारखान्यात होता. त्या वर्षी तो सुट्टीवर आला आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर सारा मोहल्ला गोळा झाला. पाच मजली जहाज, वर पोहायचा हौद, रोज मेजवान्या. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो.

शेजारच्या यमुताईंनी मधेच विचारलं, "एवढ्या लोकायचं उष्टं, डबे, बाटल्या, हे सारं जाते कुठं गा?"

"मागच्या बाजूला झडप आहे," जागेश्वर ऐटीत म्हणाला. "तिथून समुद्रात. मीच तर टाकतो."

"समुद्रात?"

"समुद्र केवढा असते, मालूम आहे का तुमाले? आपलं अख्खं नागपूर टाकलं तरी पत्ता लागणार नाही."

मी पेपर वाचणारी पोरगी. समुद्रात कचरा टाकावा की नाही, यावर देशोदेशीचे लोक भांडताहेत, असं मी नुकतंच वाचलं होतं. ते मी सांगितलं आणि ओट्यावर दोन तट पडले. कोणी म्हणे समुद्र देव आहे, सारं पोटात घेतो. कोणी म्हणे देव आहे म्हणून त्याच्या तोंडात उष्टं कोंबायचं का? शेवटी बडगे करणारे धोंडबाकाका म्हणाले, "आपण तलावात सुताच्या रंगाचं पाणी सोडलं, तवाही हेच म्हणलो होतो. तलाव केवढा मोठा! मंग त्या पाण्याले ढोरंही तोंड लावेनात. यंदाचा बडग्या हेच जहाज."

सगळे टाळ्या पिटू लागले. जागेश्वरचा चेहरा मात्र उतरला.

त्याचं कारण घरात आम्हालाच ठाऊक होतं. सक्करदऱ्याच्या बाबनरावांची पुष्पलता त्याला एका लग्नात दिसली होती आणि तेव्हापासून त्याचं कशात लक्ष नव्हतं. बोलणी ठरली ती नेमकी मारबतीच्या दिवशी, महाल भागात पुष्पलताच्या आत्याच्या घरी. मिरवणूक त्यांच्या दारावरून जाते, म्हणजे पाहुण्यांची तीही हौस. आणि आमच्या आईने त्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगा जहाजावर मोठ्या हुद्द्यावर आहे!

"काका, दुसरं काही करा नं," जागेश्वर धोंडबाकाकांच्या मागे लागला. "माझं लग्न मोडाल."

"तुझं नाव लिवतो का त्याच्यावर? जहाजच तर आहे."

पण गंमत पाहा. दुसऱ्या दिवशी काका झडप उलटी लावू लागले, तर हा पठ्ठ्या न राहवून म्हणाला, "अशी नसते जी! इकडे द्या." आणि त्याने स्वतः खिट्टी लावून दिली.

मारबतीचा दिवस उजाडला. आत्याच्या गच्चीवर आम्ही बसलो, समोर पुष्पलता. जागेश्वर पांढऱ्याशुभ्र शर्टात घामाघूम. खालून ढोल-ताशे, आरोळ्या, गच्च्यांवरून शिट्ट्या. पिवळी मारबत गेली, काळी गेली, आणि वळणावरून आमचं जहाज आलं! हातगाडीवर पाच मजले हलताहेत, धुराड्यातून उदाचा धूर निघतोय. मी उड्याच मारायला लागले.

"तुम्ही जहाजावर नेमकं काय काम पाहता?" बाबनरावांनी विचारलं.

"साहेब लोकायच्या बरोबरीनं..." आईने सुरुवात केली, तोच खाली कडाड आवाज झाला. गाडीचं चाक आत्याच्या दारासमोर नालीत गेलं. वीस जणांनी जोर लावला, जहाज हलेना. हलणार कसं? बडग्या इडापिडा नेतो म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या बायांनी घरातलं जे जे नकोसं होतं ते त्याच्या पोटात भरलं होतं. झिजलेले झाडू, फुटकी सुपं, गंजके डबे, यमुताईंच्या दिवंगत सासूची गादीसुद्धा!

धोंडबाकाकांनी वर पाहून हाक मारली, "जागेश्वर! ये गा खाली! मागची झडप उघड, रोज तूच तर टाकतोस समुद्रात!"

आईने डोळे मिटून घेतले. सगळी गच्ची जागेश्वरकडे पाहू लागली. तो उठला, क्षणभर पुष्पलताकडे पाहिलं आणि धाडधाड जिना उतरून जहाजावर चढला. खिट्टी काढली, डब्यांनी भरलेली टोपली उचलली आणि आता फेकणार...

"खबरदार!" आत्या गच्चीवरून गरजल्या. "काहून गा, माझं अंगण तुले समुद्र दिसून राहिलं का?"

"आमच्याही दारात नको!" समोरून कोणी ओरडलं. बाजूच्या घरातून लाटणं घेऊन एक बाई बाहेर आली. सगळी गल्ली पोट धरून हसत होती आणि माझा भाऊ टोपली डोक्यावर धरून तसाच उभा. डब्यातलं काळं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर टपटप गळत होतं.

तेवढ्यात पुष्पलता कठड्यावरून वाकली. "तिकडे कोणी असं ओरडत नाही का?"

"नाही जी."

"काहून?"

"तिथं कोणाचं दार नसते."

"म्हणून टाकता?"

जागेश्वरने टोपली हळूच खाली घेतली आणि ओरडला, "यमुताई, या! तुमची गादी तुम्ही धरा!"

"मारबतीले देल्लं वापस घेतात का रे? अपशकुन होते!"

"घरी नका नेऊ. जाळाच्या जागेपर्यंत न्या. पण इथं पडाचं नाही!"

मग काय सांगू! मोहल्ल्यातल्या बाया पुढे झाल्या. कोणी झाडू खांद्यावर घेतला, कोणी सूप डोक्यावर. यमुताई आणि त्यांचा नवरा गादीची दोन टोकं धरून भांडत निघाले. जहाज रिकामं झालं, पोरांनी "हैशा" म्हणत चाक वर काढलं, ढोल पुन्हा घुमला. मिरवणुकीत प्रत्येकाच्या हातात आपापली इडापिडा! असली मारबत नागपुराने पाहिली नसेल.

"गेलं स्थळ," आई पदराने तोंड पुसत म्हणाली.

जागेश्वरचीही वर यायची हिंमत नव्हती. डब्यांची टोपली ओढत तो गर्दीबरोबर निघाला. आणि मी पाहते तर पुष्पलताची जागा रिकामी! जिना उतरून ती थेट रस्त्यावर पोचली होती.

"हे डबे तं जळाचे नाहीत," ती त्याला म्हणत होती. "मंग हे कुठं नेऊन राहिले?"

"भंगारवाल्याकडे," जागेश्वर कसाबसा म्हणाला.

"मले मालूम आहे त्याचं दुकान. चला." आणि तिने टोपलीची दुसरी कडी उचलली.

"अवं पुष्पे!" बाबनराव कठड्यावरून ओरडले. "अजून बोलणी व्हाची आहेत!"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तुम्ही करून घ्या, बाबा!"