एका खोलीपुरता सिग्नल

पडद्यावर थोरल्या भावाचं नाव आणि त्याखाली माहेरचा पत्ता उमटला, तेव्हा धाकटीने पाण्याची बाटली बाजूला सारली आणि हेडफोन कानांवर नीट बसवला. असा मासा रोज गळाला लागत नाही. तिने तर गळसुद्धा टाकला नव्हता.

इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवर ती तक्रारी घ्यायची. माणसं तिच्यावर दिवसभर खेकसायची आणि ती मधाळ आवाजात म्हणायची, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल क्षमस्व." सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं क्षमस्व. पण ज्याची गैरसोय ऐकून जिवाला थंडावा मिळावा, असा माणूस आजवर लाइनवर आला नव्हता. आज आला.

दादाने तिला घराची दारं बंद केली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. कारण एवढंच, की सगळ्या नातेवाइकांसमोर ती बोलून गेली होती, "आईला मागच्या खोलीत अडगळीसारखं टाकलंयस, दादा. दिवसातून एकदा तरी कोणी बसतं का तिच्यापाशी?" खोटं असतं तर त्याने हसून सोडून दिलं असतं. खरं होतं म्हणून झोंबलं. "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस," तो सर्वांदेखत म्हणाला, आणि तेव्हापासून त्याने शब्द पाळला. दुसरा कुठलाही शब्द त्याने कधी इतका इमानाने पाळल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. ती दोनदा दारापर्यंत जाऊन आली. आतून कडी निघाली नाही. आईला मोबाइल नाही, कारण "तिला काय करायचाय?" असं दादाने परस्पर ठरवलेलं. घरचा फोन वहिनी उचलायची. "झोपल्यात," म्हणायची, नाहीतर "आंघोळीला गेल्यात." वहिनीचं ऐकलं तर आई निम्मा दिवस झोपून होती आणि उरलेला निम्मा न्हाणीघरात.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"अहो मॅडम, काय चाललंय काय तुमच्या कंपनीचं? सकाळपासून नेट येतं-जातं, येतं-जातं! कॉम्प्युटरवर माझी एवढी महत्त्वाची मीटिंग, आणि त्या लोकांना माझं नुसतं उघडं तोंड दिसतंय. आवाज नाही, काही नाही!"

मॅडम! जन्मभर "ए" आणि "तू गप बस गं" म्हणणाऱ्या तोंडातून मॅडम! दादाने आवाज ओळखला नव्हता. ओळखणार तरी कसा? बहिणीचं एक वाक्य त्याने कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं असेल तर शपथ.

"आपली गैरसोय झाली, त्याबद्दल क्षमस्व," धाकटी म्हणाली. मनातल्या मनात तिने टुणकन उडी मारली. "सर, आपला राउटर कुठे ठेवलाय?"

"हॉलमध्ये. टीव्हीखालच्या कपाटात. दिवे लुकलुकतात, ते बरं दिसत नाही म्हणून मिसेसनी कालच आत ठेवून दार लावलंय. दाराला आरसे आहेत."

झालं. रोग सापडला. आरसे लावलेल्या बंद कपाटात राउटर कोंडला की सिग्नल बाहेर यायचा कुठून? "डबा कपाटातून बाहेर काढा," एवढं म्हटलं की काम खलास. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"सर, कॉम्प्युटर बंद करून परत सुरू करा."

"दोनदा केला."

"तिसऱ्यांदा करा. आता टेबलाखाली जाऊन मागची वायर बघा."

गुडघ्यांचा कटकन आवाज, मग धाप, मग डोकं कशावर तरी आपटल्याचा दण्ण आवाज आला. "आई गं!" दादा कळवळला. आत्ता बरी आई आठवली, धाकटीला वाटलं. तिने त्याला टेबलाखालून बाहेर काढलं, परत आत पाठवलं, हॉलमध्ये नेलं, राउटरच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला नंबर वाचायला लावला. चष्मा वर, कॉम्प्युटरपाशी राहिला होता. तो आणायला पाठवलं. नंबर बरोबर वाचला तरी म्हणाली, "जुळत नाहीये सर, पुन्हा वाचा." मग डब्याच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून ती दाबून धरायला सांगितली.

"मी सांगेपर्यंत सोडू नका हं, सर."

आणि तिने चहाचा कप उचलला. कोमट झालेला तो मशीनचा पुळचट चहा तिला त्या दिवशी अमृतासारखा लागला. पलीकडे एक भारदस्त गृहस्थ, ज्याच्यापुढे सगळं खानदान खाली मान घालून बसायचं, तो टाचणी धरून ओणवा उभा होता. कप रिकामा होईपर्यंत तिने त्याला तसाच ठेवला.

पण एवढ्याने पोट भरेना. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं: "लाइनमध्ये दोष, माणूस पाठवावा." ते दाबलं की दादा आठवडाभर वाट बघत बसला असता. तिचं बोट तिथे पोचलंही होतं. एवढ्यात दुरून, बंद दारामागून यावा तसा, एक खरखरीत आवाज आला.

"कोण आलंय रे?"

"कोणी नाही! पडून राहा तू!" दादा तोंड वळवून ओरडला. मग फोनवर, एकदम गोडसर: "हां मॅडम, बोला."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षाने आईचा आवाज कानावर पडला होता, तो जेमतेम तीन शब्द, तोच याने लाथाडला. तिने बटणावरचं बोट काढलं. आठवडाभर नेट नाही, ही काय शिक्षा झाली? तो चरफडला असता आणि विसरला असता. याला असं काहीतरी द्यायला हवं, जे रोज भोगावं लागेल.

"सर," ती अगदी शांतपणे म्हणाली, "आपल्याकडे फार जुनं टेलिफोन कनेक्शन दिसतंय. मागच्या बाजूला एखादी खोली आहे का, जिथे पूर्वी फोन होता?"

"आहे की. वडील असताना तिथे होता फोन. पण तिथे आता आई असते. आमचं कोणाचं फारसं जाणं नसतं तिकडे."

अडगळीच्या माळ्याबद्दल बोलावं तसं तो बोलला. त्यात काही वावगं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"हॉलमधला पॉइंट कमजोर पडलाय. राउटर त्या खोलीत न्या. हात मोकळे लागतील, फोन स्पीकरवर टाका."

मग धाकटी कानांनी माहेरी गेली. दादाच्या चपलांचा फटक-फटक आवाज बोळातून निघाला. स्वयंपाकघराच्या दाराशी वहिनीने विचारलं, "आता काय नवीन?" पुढे ते फुगलेलं दार, ते नुसत्या हाताने कधीच उघडायचं नाही. दादा ढकलत राहिला. 'खांदा लाव, खांदा,' असं तिच्या ओठांवर आलं. शेवटी दार करकरलं.

"आई, पाय घे जरा."

"काय करतोयस रे?"

"नेट लावतोय. तुला नाही कळायचं." मग फोनकडे: "मॅडम, इथे पॉइंट कुठे दिसत नाहीये."

"खिडकीखाली. पलंगाच्या उशाशी, गादी सरकवा म्हणजे दिसेल."

बोलून गेली आणि तिचा जीव गोळा झाला. कंपनीच्या कुठल्याही पडद्यावर पलंगाचं उसं दिसत नाही.

"हो, सापडला," दादा म्हणाला आणि वायर खोचू लागला. त्याला काही म्हणता काही खटकलं नाही. पण पलंग वाजला. कोणीतरी उठून बसलं होतं.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

"कंपनीच्या बाई आहेत."

"त्यांना म्हणावं, परत बोला जरा. मला नीट ऐकू नाही आलं."

धाकटीच्या पाठीमागच्या काचेच्या खोलीत बसणाऱ्या सुपरवायझर बाई कधीही कॉल ऐकू शकत होत्या, आणि दादा तर फोनच्या वीतभर अंतरावर होता. "सर," धाकटी कशीबशी म्हणाली, "हिरवा दिवा लागला का?"

"लागला."

"जेवलीस का गं, बाई?" आई म्हणाली.

"आई! अगं त्या कामावर आहेत. काहीही काय विचारतेस?"

"विचारलं तर काय बिघडलं? लेकीसारखी आहे."

धाकटीने टेबलाची कड घट्ट धरली. "जेवले, आजी," ती म्हणाली.

आजी. स्वतःच्या आईला. हा शब्द तिला ज्याच्यापायी वापरावा लागला, त्याची गय करायची नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. तिच्या पडद्यावर सिग्नलची ताकद कमी-जास्त करायची एक पट्टी होती. अगदी छोट्या घरांसाठी तिचं शेवटचं टोक होतं: 'एका खोलीपुरता'. तिने पट्टी ओढत ओढत त्या टोकाला नेली आणि सोडली.

"सर, आता वर जाऊन कॉम्प्युटरवर बघा."

दादा जिना चढला. नेट नाही. हॉलमध्ये मोबाइल बघितला. नाही. स्वयंपाकघरात वहिनीचा बघितला. तोही नाही. "परत आईंच्या खोलीत बघा," धाकटी म्हणाली.

"इथे धो धो येतंय!"

"मग कॉम्प्युटर तिथेच आणावा लागेल. टेबल, खुर्ची, सगळं."

"इथे? कायमचं?"

"कायमचं, सर. घरच्यांचे मोबाइलही तिथेच चालतील. सगळ्यांना तसं सांगून ठेवा."

"अहो पण मॅडम..." दादाने आवाज खाली आणला. "इथे फार कोंदट आहे हो. माणूस बसू नाही शकत."

त्याचं ते वाक्य धाकटीने त्याला पुरतं ऐकू दिलं. मग म्हणाली, "खिडकी उघडा."

"जाम झालीये."

"सुतार बोलवा."

"बल्बही गेलाय इथला."

"नवा लावा, सर. अंधारात कसं काम करणार तुम्ही? आणि पंख्याचंही बघून घ्या. यंत्र तापतं."

"मॅडम," दादा अगदी काकुळतीला आला होता, "परत बंद पडलं तर?"

"आठवड्याच्या आत बंद पडलं, तर तक्रार माझ्याकडेच येते. तसा नियम आहे आमचा." हे तिने मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. खोलीतल्या दोघांपैकी जिला कळायला हवं होतं, तिच्यासाठी. नियमाचा उरलेला अर्धा भाग तिने सांगितला नाही. परत आलेल्या प्रत्येक तक्रारीमागे तिचेच कामाचे गुण कापले जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पत्ता पडद्यावर आला.

"मॅडम, परत गेलं हो," दादा म्हणाला. आवाजातली कालची मस्ती उतरली होती. त्याच्यामागे खोली गजबजली होती. पंखा घरघरत होता. दादाची पोरगी कशाला तरी खिदळत होती. वहिनी कुरकुरत होती, "सगळ्यांनी एकाच पलंगावर बसायचं म्हणजे काय ते!" आणि आई कोणाला तरी सांगत होती, "सरक इकडे, उन्हात नको बसूस." म्हणजे खिडकी उघडली होती. धाकटीच्या काळजात गारवा पसरला. हाच तो सूड. याहून गोड सूड दुसरा कुठला असेल, असं तिला मुळीच वाटेना.

"सर, वायर नीट बसलीये का बघा."

"अरे, ही तर निघालीये! आई, तू हात लावलास?"

"मी कशाला लावू?" आई म्हणाली. "मला मेलीला त्यातलं काय कळतंय!"

लहानपणी डब्यातला खाऊ संपला, की दादापुढे आई अशीच साळसूद उभी राहायची. खाऊ धाकटीच्या ओच्यात असायचा.

"सर, फोन आजींच्या हातात द्या," धाकटी म्हणाली. "त्या यंत्राजवळ असतात. कुठला दिवा कधी लागतो, ते मला त्यांच्याकडूनच कळायला हवं."

"तिला काय कळणार?"

"दिवे तर दिसतात ना त्यांना? द्या."

दादाने दिला. न देऊन करतो काय? मीटिंग डोक्यावर होती, आणि मॅडमपुढे त्याचं काही चालत नव्हतं.

फोन कानाशी लागल्याचा आवाज आला. मग श्वास. वर्षभर जो श्वास ऐकायला ती फोनवर वहिनीच्या मिनतवाऱ्या करत होती, तो आता ऐन कानात होता.

"हं, बघते हं," आई म्हणाली. "हा पहिला हिरवा. दुसरा... थांब, चष्मा पुसते. दुसराही हिरवाच. तिसरा एकदा लागतो, एकदा जातो."

"सावकाश सांगा, आजी. घाई नाही."

"नाहीच मला घाई."

आईने चारही दिवे सांगितले. मग पहिल्यापासून पुन्हा सांगितले. दादा मागून "झालं का? झालं का?" करत राहिला आणि दोघींनी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. शेवटी आईने विचारलं, "आज जेवलीस?"

"जेवले."

"बरं केलंस." मग आई सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण मला काही या वायरचा भरवसा वाटत नाही गं. उद्या परत निघेल असं दिसतंय."

"निघू दे, आजी," धाकटी म्हणाली. "मी आहे."

काचेच्या खोलीतून सुपरवायझर बाई तिला बोट दाखवून बोलवत होत्या. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि उठण्याआधी तक्रारीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं: सुटलेली नाही.