नीळकंठकाका आत येईनात

गणपतीत दरवर्षी आमचं इथलं, हिंदी मुलखातलं मराठी मंडळ लिंबू-चमचा घेतं आणि दरवर्षी कुणीतरी लिंबाला च्युइंगम चिकटवतं. म्हणून यंदा सुनंदावहिनींच्या रजनीने मोबाइलवरची रस्सीखेच काढली. पोरगी एका कंपनीसाठी गेम बनवते, तेही इथूनच, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या वडिलांच्या क्वार्टरमध्ये बसून. हॉलच्या मोठ्या पडद्यावर एक दोरी आणि दोन संघ. प्रत्येकाने आपल्या फोनवर नाव लिहून आत शिरायचं आणि बोटाने भराभर टोले द्यायचे. ज्या संघाचे टोले जास्त, त्याच्याकडे दोरी सरकणार.

सरावाला हॉलभर फोन जोडले आणि दोरी जी अडकली ती अडकलीच. इकडे लोक टोले मारून घामाघूम, तिकडे दोरी ढिम्म. रजनीने शोधून काढलं की प्रत्येक टोल्याची खबर गेम प्रत्येक फोनला धाडत बसतो, तेवढ्यानेच त्याचा जीव जातोय. तिने त्या खबरा कमी केल्या, दोरी सुटली. तरी मधूनच सगळा खेळ बंद पडायचा. पोरांनी नावांत हसरे चेहरे, गुलाब, वाघ असली चित्रं घातली होती आणि गेम त्यांना ठेचकाळत होता. तेव्हा तिने गेमला शाळेत शिकलेली वर्णमाला दिली, अ पासून ज्ञ पर्यंत. नावात याच्याबाहेरचं काही दिसलं तर दार उघडायचं नाही. खेळ सुरळीत झाला. आम्ही पोरीचं तोंड भरून कौतुक केलं.

आता नीळकंठकाकांचं सांगतो. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, टाउनशिपजवळच्या सोनागिरी वस्तीत स्वतःचं घर. गेल्या वर्षी लीलाकाकू गेल्या आणि मुलगा विश्वास यंदा पुण्याहून आला तो एकच धोशा घेऊन: घर भाड्याने द्या आणि माझ्याकडे चला. एकदा गॅस चालू राहिला होता, एकदा किल्ली दारालाच राहिली होती. मुलाला काळजी वाटणारच. काका म्हणायचे, "अरे, मला काय होतंय? इथे अख्खं मंडळ आहे माझं." हे ऐकून आमची छाती फुगायची, खोटं कशाला बोलू.

स्पर्धेच्या संध्याकाळी सगळे आत शिरले, काका मात्र बाहेर. नाव लिहिलं की फोन म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. ते पुन्हा लिहीत, तो पुन्हा तेच म्हणे. हॉल खोळंबला. रजनी माइकवरून म्हणाली, "काका, नाव बरोबर टाकताय ना?"

"माझंच नाव टाकतोय ग."

"थांबा, मी टाकून बघते." तिने स्वतःच्या फोनवर काकांचं नाव लिहिलं आणि ते पटकन पडद्यावर झळकलं. "बघा, तुमच्याच नावाने झालं की नाही? गेम बिल्कुल ठीक आहे, काका. तुमच्याकडूनच काही तरी गलत दाबलं जातंय. राहू द्या आता, देर होतेय."

मला कुठे गप्प बसवतंय. मी मागून ओरडलो, "गेम नको, काकांनाच अपडेट करा." हॉल खदाखदा हसला. काकाही हसले आणि त्यांनी फोन खिशात घातला. विश्वास तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की काकांनी पुण्याला जायला होकार दिला.

त्याच दिवशी रजनी आईला स्पर्धेचे फोटो दाखवत होती. पुढचं सगळं सुनंदावहिनींनीच मला सांगितलं. पडद्याचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "हे नीलकंठ कोण?"

"काका ना, मम्मी."

"अग, त्यांच्या नावात ळ आहे. तू ल लिहिलास."

रजनी हिंदी शाळेतली. तिथल्या वर्णमालेत ळ नाही आणि तिच्या जिभेवरही नाही. लहानपणापासून ती बाळाला बाल म्हणते, केळ्याला केला म्हणते, आणि आम्हाला ते गोड वाटत आलं. तिने फोन घेतला, आईकडून नाव नीट लिहून घेतलं. पुन्हा प्रयत्न करा. पोरीचे कान लालबुंद झाले. काकांना स्वतःचं नाव येत नाही असं तिने भर हॉलमध्ये, माइकवरून, सिद्ध करून दाखवलं होतं.

एकांतात माफी मागता आली असती. पण संध्याकाळच्या आरतीआधी तिने पुन्हा माइक घेतला हे तिचं मोठेपण. "काकांची काही चूक नव्हती. माझ्या गेममध्ये ते अक्षरच नव्हतं. मी टेस्टपण चुकीच्या नावाने केली," ती म्हणाली. "आता मी ते घातलंय."

मागून काळेवहिनी म्हणाल्या, "म्हणून माझंही होत नव्हतं होय? मला वाटलं मलाच जमत नाही, मी आपली गप्प बसले." कुणी हसलं नाही. मी सतरंजीच्या नक्षीकडे बघत होतो. मला माझीच लाज वाटत होती.

काका पहिल्या रांगेत बसले होते. म्हणाले, "मी आज दिवसभर कागदावर नाव लिहून बघत होतो. वाटलं, आता तेही विसरायला लागलो की काय."

"काका, माफ करा मला."

"तुझं एक अक्षर राहिलं, बेटा, ते तू घातलंस. संपलं."

विश्वास खाली वाकून म्हणाला, "बाबा, मी तुमचं तिकीट रद्द करतो. राहा तुम्ही इथेच." आम्ही सगळे याच वाक्याची वाट बघत होतो. मी तर टाळ्या वाजवायला हात उचलले.

"नको," काका म्हणाले. "काल मला आत येता येईना, तेव्हा माझं अख्खं मंडळ हसलं. तू एकटा घाबरलास. मी तुझ्याकडेच येतो."

उचललेले हात खाली कसे घ्यावेत ते मला कळेना.