सोवळ्यातला रेग्युलेटर

मी एक जुना रेग्युलेटर आहे. लगेच "पंख्याचा का?" म्हणून विचारू नका. शेगडीच्या सिलिंडरवर बसतो तोही नाही, त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. मी पाणबुड्या माणसांचा. त्यांच्या सिलिंडरात हवा इतकी कोंबलेली असते की थेट तोंड लावलं तर फुप्फुसं फाटतील. मी मधे बसतो, तिचा जोर कमी करतो आणि घोटाघोटाने श्वास देतो. माझा एक भाग सिलिंडरच्या मानेवर, दुसरा माणसाच्या दातांत, मधे नळी. झालं माझं अंग.

मी पितळेचा, जड. दुकानात माझ्या शेजारी टायटॅनियमचा एक होता. हलका, गुळगुळीत, नवरदेवासारखा मिरवत बसलेला. एक दिवस दोन बहिणी आल्या. धाकटी पाण्याखाली उतरून जहाजांच्या पंख्यात गुंतलेले दोर कापायची. थोरली तिचं सगळं सामान दुरुस्त करायची. धाकटीचा हात सरळ नवरदेवाकडे गेला.

"हा ऐंशी टक्क्यांना चालेल का?" थोरलीने विचारलं.

मित्रांनो, साध्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. खोल काम करून वर येताना माणूस मधे थांबत थांबत येतो. तिथे जादा ऑक्सिजनची हवा घेतली की अंगात मुरलेला नायट्रोजन लवकर निघतो. चाळीस टक्क्यांपर्यंत बरेच रेग्युलेटर निभावून नेतात. त्याच्या वर खेळच वेगळा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला पेटवायला एका पायावर तयार.

"अहो बाई, हिरवा-पिवळा पट्टा आहे की त्याला," दुकानदार म्हणाला. तो पट्टा म्हणजे जादा ऑक्सिजनची खूण.

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यातही असतो. आत काय आहे ते सांगा."

दुकानदाराने तोंड वाकडं करून कंपनीचं पुस्तक उघडलं. त्यात छापलेलंच होतं, टायटॅनियमला जादा ऑक्सिजनजवळ नेऊ नका, धातूच पेट घेतो. पट्टा कुणीतरी हौसेने चिकटवला होता. नवरदेव परत फळीवर गेला आणि माझा नंबर लागला. पितळ चालतं. आतल्या रबरी रिंगाही ऑक्सिजनला चालणाऱ्या निघाल्या.

"पण चाळीसच्या वर न्यायचा तर आधी उघडून धुवावा लागेल," दुकानदाराने बजावलं.

"ते मी बघते," थोरली म्हणाली.

आणि तिने बघितलं! माझा एकेक स्क्रू सुटा केला. आईने पोराच्या कानामागे घासावं तसं धुतलं. साधं ग्रीस पुसून ऑक्सिजनला चालणारं बोटाच्या टोकाएवढं लावलं. मग मला वेगळ्या डब्यात ठेवलं आणि घरात जाहीर केलं, "हा सोवळ्यातला आहे. साध्या सिलिंडरला लावायचा नाही. म्हणजे नाही."

तिचा नवरा हसला. धाकटी त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणतो. तेही पाण्यात काम करणारे. "या आजोबांना आता पाट मांडू का?" म्हणाले. तेव्हापासून मी आजोबा.

हसा खुशाल. माणसामाणसातलं सोवळं थोतांड असेल, माझं नाही. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ येते. ती माझ्या आत बसली की मी बाटलो. साध्या हवेत त्याने काही बिघडत नाही. पण मग मला ऐंशी टक्क्यांच्या सिलिंडरला लावलं आणि झटक्यात उघडलं, तर आत घुसणारी हवा क्षणात तापते. तेलाला पेटायला तेवढं पुरतं. आणि माझं दुसरं टोक कुठे असतं, ते मघाशी सांगितलंय.

बरीच वर्षं छान गेली. खोलवर दुसरा रेग्युलेटर असायचा, मी नसायचोच. धाकटी वर येताना दोराला धरून थांबायची, तेव्हा माझी पाळी. ती माझ्यातून गुणगुणायची. बेसूर. पण बुडबुड्यांना कुठे सूर कळतो?

मग तो दिवस आला. थोरली बाहेर गेली होती. दाजींचा स्वतःचा रेग्युलेटर फुसफुसायला लागला, थांबेचना. गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ बघतंय. दाजींनी माझा डबा उघडला. "एकदाच हां, आजोबा."

मी काय बोलणार? साध्या सिलिंडरला लावलं मला. कॉम्प्रेसर आमचाच, त्याची गाळणी बदलायची राहिलेली. पहिल्या श्वासालाच कळलं. तेल. काम आटपून दाजींनी मला वरून चकचकीत पुसलं आणि डब्यात ठेवलं. वाईट माणूस नाही हो तो. बायकोच्या तोंडाला घाबरतो, इतकंच. "सांगतो सावकाश," असं पुटपुटलेही. सावकाश!

त्यानंतर डब्याजवळ पावलं वाजली की वाटायचं, आता सांगतील, उद्या सांगतील. कुणी काही सांगेना.

आणि एका सकाळी घाई उडाली. जहाजाच्या पंख्यात दोर अडकलेला, कप्तान वरून ओरडतोय, आमची होडी खाली हेलकावे खातेय. धाकटीने मला डब्यातून काढलं आणि ऐंशी टक्क्यांच्या सिलिंडरला घट्ट बसवलं. थोरली नळ्या तपासत होती. दाजी पाठमोरे, इंजिनपाशी. अहो, वळा ना! मी मनातल्या मनात ओरडत होतो. वळा!

व्हॉल्व्ह उघडायच्या आधी धाकटी मला नेहमी तोंडात धरून श्वास ओढून बघते. तशी हवा आली तर समजायचं, कुठेतरी भोक आहे. तिने मला दातांत धरलं आणि लगेच काढलं.

"ताई, हे कुणी उष्टावलंय? माझे दात बसत नाहीयेत."

"तूच चावली असशील. पाण्यात काय खायला मिळतं तुला?"

"अगं, डावीकडे रबराचा तुकडा पडलाय बघ."

"उंदीर असेल," थोरली न बघताच म्हणाली. वरून कप्तान पुन्हा ओरडला. "जाऊ दे, चालतंय," म्हणत धाकटीने व्हॉल्व्हवर हात ठेवला. तिची बोटं वळायला लागली.

"थांब! उघडू नकोस!"

दाजी. चेहरा चुन्यासारखा.

"उंदीर नाही. मीच तो."

थोरली उभी राहिली. "कुठल्या सिलिंडरला लावलात?"

"साध्या."

"भरला कुठे होता?"

"आपल्याच कॉम्प्रेसरवर."

धाकटीने हात असा मागे घेतला, जणू तव्यावर पडला होता. त्या दिवशी ती उतरलीच नाही. कप्तानाने दुसऱ्याला बोलावलं, आम्हाला नको नको ते बोलला. थोरलीने मला घरी आणून उघडलं, आतून पांढरं फडकं फिरवलं आणि त्यावरचा पिवळट डाग नवऱ्यासमोर धरला. दाजी म्हणाले, "अगं, शिव्या तरी दे." तिने दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून गाळणी बदलली. धाकटी मात्र जेवताना त्यांच्याकडे ताट सरकवायची, नजर नाही.

थोरलीने मला पुन्हा धुतलं, रिंगा बदलल्या, दातांत धरायची रबरी तोंडी नवी बसवली. मी परत सोवळ्यात. पण भीती धुतली जात नाही, मित्रांनो. रेग्युलेटर घ्याल तेव्हा चकाकी बघू नका, पट्ट्यावर जाऊ नका. कशाचा केलाय, आतून कसा धुतलाय, आणि काल कुणाच्या सिलिंडरवर होता, हे विचारा. लाजू नका. आणि कुणाची वस्तू वापरलीत तर त्याच दिवशी सांगा. मला तोंड आहे, पण ते तुमच्या दातांत. बोलावं तुम्हालाच लागतं.

आता धाकटी दर वेळी विचारते, "दाजी, आजोबांना कुणी लावलं होतं?"

"नाही."

ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहते. थोडी जास्तच वेळ. मग व्हॉल्व्ह उघडते. हळू, अगदी हळू.