उत्तर माहीत असलेला प्रश्न

बाबांनी गळक्या नळाखालची बादली पायाने सरकवली आणि फोन थेट नळाच्या तोंडाशी नेला. थेंब नीट दिसेना, म्हणून चष्मा कपाळावर चढवला.

“कुणाला दाखवताय?” मुलीने दारातूनच विचारलं. ती नुकतीच कामावरून आली होती.

“ग्रुपवरच्या पानाकाकांना. म्हणतात वायसर गेलाय. बुधवारी येऊन बसवून देणार.”

“पत्ता दिलात?”

“मग काय वास काढत येणार ते?”

“बुधवारी मी घरी नसते.”

“तेही सांगितलंय. म्हणजे तुझी कटकट नाही.”

तिची खांद्यावरची पिशवी उतरवायची राहिली. ‘घरचे घोळ’ हा फोनवरचा ग्रुप बाबांना आईच्या पश्चात सापडला होता. अडलेल्याने विचारायचं, माहीत असेल त्याने सांगायचं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, सगळी टोपणनावं. बाबांचं ‘रिकामटेकडा’. वर्षभर भिंतीकडे बघत बसलेला माणूस आता करपलेल्या पातेल्यांवर तावातावाने मतं देत होता, हे तिला दिसत होतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती.

“फुकट कोण येतं हो, बाबा?”

“तू एकेकाला परीक्षानळीत घाल.”

“घालते. त्यात काही वावगं निघालं, तर तुम्ही त्या ग्रुपमधून बाहेर पडायचं. कबूल?”

बाबांनी बादली पुन्हा नळाखाली आणली. नीट मध्यावर आहे ना, ते पाहिलं.

“कबूल,” ते बादलीकडे बघत म्हणाले.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे कुठल्याही यंत्राला आधी असा नमुना देत, ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे. तिथेच यंत्र चुकलं, तर पुढचं सगळं पाण्यात.

तिने खोलीचं दार लोटलं, ‘नवखी’ या नावाने ग्रुपमध्ये शिरली आणि लिहिलं: ‘बाथरूमचे डाग जात नाहीत. ब्लीच टाकलंय. त्यावरच अ‍ॅसिड ओतू का? घरी एकटीच आहे.’ शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. एकट्या बाईला कोण काय विचारतं, तेही कळलं असतं.

उत्तर आलं, पानाकाकांचंच. ‘अजिबात नको, विषारी वायू होतो. ओतलं असेल तर काही आवरत बसू नका, आधी मोकळ्या हवेत जा. आणि कळवा.’

बरोबर होतं. पण एवढं तर भामट्यालाही ठाऊक असतं, असं म्हणत तिने फोन पालथा ठेवला आणि आंघोळीला गेली.

बाहेर आली तेव्हा बाबा दाराशी उभे होते. एका पायात बूट, दुसरा हातात.

“कुठे निघालात?”

“एक नवीन बाई आहे. बाथरूममध्ये भलतंच काहीतरी ओतलंन् बहुतेक. आता उत्तरच देईना.” बाबांचा पाय बुटात शिरत नव्हता. “पत्ता कुणालाच माहीत नाही. मग असं ठरलंय, प्रत्येकाने आपल्या आसपासच्या एकट्या बायकांची दारं वाजवायची. मी खालचा मजला बघतो.”

“खोटं असेल ते, बाबा.”

“असू दे की. खोटं निघालं तर बरंच.”

जिन्यावर त्यांची पावलं एकेक पायरी चाचपत उतरली. मग खाली कुणाच्या तरी दारावर थाप पडली.

तिने फोन उलटला. ‘ताई, बाहेर आलात का?’ ‘कुणी ओळखतं का यांना?’ ‘आमच्या गल्लीत नाहीत, तिघींना विचारलं.’ ‘ताई, नुसतं हो म्हणा.’ तिने ‘ही चाचणी होती’ असं लिहिलं. खोडलं. मग लिहिलं: ‘ओतलं नाही. बरी आहे.’

बाबा वर आले ते धापा टाकतच.

“सापडली! धडधाकट आहे.” ते स्टुलावर टेकले आणि चष्मा पुसू लागले. “तुझ्या परीक्षेचं काय झालं? पानाकाकांना नको म्हणून कळवू?”

“येऊ देत,” ती म्हणाली आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला खाली बसली.

बाबा एका बोटाने काहीतरी टाइप करत राहिले.

“आता काय लिहिताय?”

“त्या नवखीलाच. म्हटलं, एकटं वाटलं की काहीबाही विचारत जा. आम्ही आहोत.”

त्यांनी निरोप पाठवला, आणि तिच्या खोलीत फोन वाजला. बाबांनी त्या दाराकडे पाहिलं.

नाडी केव्हाच सुटली होती. ती तशीच खाली वाकून राहिली.