शून्याची जागा

काउंटरवर रेषा आणि आकडे छापलेला धुनेचा कागद पसरून ताईनं गिटार मांडीवर घेतली आणि इतके दिवस घोटलेली धून दुकानदाराला वाजवून दाखवली. गिटारी विकणारा आणि दुरुस्त करणारा हा माणूस एरवी भारी बोलका. आज मात्र तो डोकं खाजवत राहिला. मग त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"ही शून्यं कुणासाठी सोडलीत?"

"शून्य म्हणजे काही नाही ना? म्हणून तिथं थांबते."

"अहो ताई, या सहा रेषा म्हणजे सहा तारा. आकडा म्हणजे कितव्या पट्टीवर बोट दाबायचं ते. शून्य म्हणजे बोट दाबायचं नाही, तार मोकळी छेडायची. वाजली तर पाहिजेच. तुम्ही अर्धी धून गिळून बसलात."

ताई हसली. जन्म काज-बटणं करण्यात गेलेला. शाळेतलं एवढंच लक्षात राहिलं होतं की शून्य म्हणजे काही नाही, आणि तेच नेमकं नडलं. पण हसता हसता तिनं कागदाकडे पुन्हा पाहिलं. आत्ता दुकानात वाजली ती धून खरंच भोकाभोकांची होती. घरी ती तशी कधी वाजली नव्हती. घरी सलग वाजायची.

गिटार धाकट्या भावाची. तो गेला आणि आईनं अन्नच टाकलं. तो नेहमी वाजवायचा ती धून कानावर पडली तर म्हातारी दोन घास जास्त खाईल, एवढ्याच आशेनं ताईनं त्या धुनेचा छापील कागद विकत आणला होता. आणि औषध लागू पडलं की! रोज संध्याकाळी आई ताट घेऊन उंबऱ्याशी बसायची आणि ताट चाटूनपुसून उठायची. "दोघं मिळून छान वाजवता गं," असंही एकदा म्हणाली होती. दोघं म्हणजे आपण आणि गिटार, असा ताईनं सोयीचा अर्थ लावला होता.

त्या संध्याकाळी तिनं एकही शून्य सोडलं नाही. बोटं अडखळली, पण सगळ्या मोकळ्या तारा तिनं स्वतः छेडल्या. धून बिनचूक झाली. आईनं उचललेला घास परत ताटात ठेवला.

"आज एकटीच वाजवतेयस?"

"हो."

"त्याला का नाही घेतलंस?"

गिटार खाली ठेवावी आणि सरळ शेजारणीकडे जाऊन बसावं, असं ताईला वाटलं. ती घाबरली होती, खोटं कशाला सांगायचं. पण भीतीपेक्षाही तिला वाईट वाटत होतं. धाकटा रोज येत होता, आणि आज आपणच त्याची जागा अडवून बसलो. आईचं ताट तसंच भरलेलं होतं.

तिनं धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पहिलं शून्य आलं. तिनं दोन्ही हात तारांवरून काढून घेतले आणि डोळे घट्ट मिटले.

मोकळी तार वाजली. उंबऱ्याशी वाटी सरकल्याचा आवाज झाला.

"हं," आई घास चावत म्हणाली. "आता बरं."