गिटार सोडून हलगी

आवडत्या रॉक बँडचा नवा अल्बम खऱ्या चाहत्यानं डोळे मिटून ऐकावा. बावड्यात उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकलेल्या गाडीत मी मोबाईलवर अल्बम लावला आणि डोळे मिटले. चाहत्यांच्या ग्रुपवर पहिला अभिप्राय कायम माझाच असतो. तीन गाणी ऐकून लिहिलं, "बँडनं गिटार सोडून हलगी धरली. रॉकला माती सापडली!"

लगेच ग्रुपवर असलेल्या बँडच्या गिटारवाल्याचंच उत्तर आलं, "सर, मग मी वर्षभर काय वाजवलं?"

शेजारी बसलेली लेक स्वराली म्हणाली, "अहो पप्पा, हलगी त्या पुढच्या ट्रॅक्टरच्या स्पीकरवर वाजतीय. पुसा ते आधी!"

पुसेपर्यंत सगळा ग्रुप हसून मोकळा झाला होता. लाजेनं मान वर होईना. ट्रॅक्टर कारखान्याकडं वळला आणि गाडीत शांतता पसरली. मोबाईलवर पहिलं गाणं अजून लोडच होत होतं.