रॉयसचा ओरखडा

“आधी डोळे मीट,” जनीन म्हणाली आणि डेल्बर्टनं मुकाट्यानं मिटले. दुसऱ्या कुणी असं फर्मावलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

आम्ही जुन्या घड्याळांचे वेडे रविवारी सकाळी वॉटकिन्स ग्लेन या मोटार शर्यतींच्या अमेरिकन गावातल्या या डायनरमध्ये जमतो. जुनी क्रोनोग्राफ, म्हणजे बटण दाबून शर्यतीचे सेकंद मोजायची मनगटी घड्याळं, एवढाच आमचा विषय. घड्याळ टेबलाभोवती हातोहात फिरतं. प्रत्येकानं भिंग लावून बघायचं आणि खरं तेच बोलायचं, हा डेल्बर्टचा नियम. “तबकडी रंगवली की घड्याळ मेलं,” हेही त्याचंच. मी एकदा माझं एक घड्याळ चकचकीत करून आणलं, तेव्हापासून तो मला बूटपॉलिशवाला म्हणतो.

जनीन त्याची एकुलती एक मुलगी, ॲरिझोनात नर्स आहे. आई गेल्यावर ती बापाशी कडाडून भांडली. “तुला माणसांपेक्षा घड्याळं प्यारी,” म्हणाली आणि निघून गेली. मग नाताळचा फोन तेवढा यायचा. डेल्बर्ट त्याबद्दल बोलायचा नाही, पण आमच्यातल्या क्लाइडला न्यायला त्याची मुलगी आली की हा दारापर्यंत त्या दोघांकडे बघत राहायचा. यंदा जनीन आपणहून राहायला आली. तुझ्या घड्याळाचा पट्टा फाटलाय, बदलून आणते म्हणाली, आणि डेल्बर्टनं ते मनगटावरून काढून दिलं. आम्हाला तो हातही लावू द्यायचा नाही.

“आता उघड!”

तबकडी काळीकुळकुळीत, काटे पांढरेशुभ्र, कडा आरशासारख्या.

ते घड्याळ त्याच्या थोरल्या भावाचं, रॉयसचं. रॉयस शर्यतीच्या ट्रॅकवर वेळ मोजायचा. वर्षानुवर्षांच्या उन्हानं तबकडी चहाच्या रंगाची झाली होती. कडेवर एक खोल ओरखडा होता. मित्र शर्यत जिंकला म्हणून रॉयसनं कुंपणावरून उडी मारली, तेव्हाचा. त्याच वर्षी ओल्या रस्त्यावर गाडी घसरून रॉयस गेला. बोलताना, ऐकताना डेल्बर्टचा अंगठा कायम त्या ओरखड्यावर असायचा. भावाचं तेवढंच उरलं होतं त्याच्याकडे.

“दुकानदार म्हणाला, पट्टाच कशाला, सगळंच नव्यासारखं करून देतो,” जनीन सांगत होती. “म्हटलं, काकाचं घड्याळ आहे, होऊन जाऊ दे. कसं झालंय, डॅड? खरं सांग हं.”

डेल्बर्टनं घड्याळ क्लाइडकडे सरकवलं. क्लाइडनं भिंग लावलं, खाकरला. “पट्टा झकास आहे,” म्हणाला.

मग ते माझ्याकडे आलं. माझी जीभ किती वाईट आहे ते सगळ्यांना ठाऊक. ओरखड्याच्या जागी माझाच चेहरा दिसत होता. मला रडू येईल असं वाटलं.

“बोल की रे, बूटपॉलिशवाल्या,” डेल्बर्ट म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, पण डोळ्यांनी तो गयावया करत होता. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

“असं घड्याळ या टेबलावर आजवर आलं नव्हतं,” मी म्हणालो. नियम काही मोडला नाही.

डेल्बर्टनं ते मनगटावर बांधलं. “रॉयसनं आणलं तेव्हा अस्संच दिसत असणार,” तो सावकाश म्हणाला. “मी तेव्हा पोरगा होतो. पठ्ठ्यानं मला नीट बघू पण दिलं नव्हतं. आज बघितलं.”

जनीननं नाक पुसलं. “मला वाटलं, ओरडशील. मग राहू अजून थोडे दिवस?”

“राहा की. हाकललंय कुणी तुला?”

पॅनकेक आले. जनीन त्याच्या ताटलीत पाक ओतत एकसारखी बडबडत होती. तो तिच्याकडे बघून हसत होता, अगदी मनापासून. आणि मांडीवर त्याचा अंगठा घड्याळाच्या गुळगुळीत कडेवरून पुढेमागे फिरत होता, जागा शोधत.